मालाकीच्या रानातली पायवाट

जरा थांबा, दम घ्या. चढ संपलाय. तुमचं पळणं होईल हो, डोंगर कुठे जात नाही. तोवर माझं ऐका. मी पायवाट. तुम्ही उभे आहात ना, तीच. मला रस्ता म्हणू नका. रस्ता खाली आहे, डांबरी, त्याला सरकारदरबारी नंबर आहे. मला नंबर नाही. नॉकरो डोंगराच्या अंगावरची पायवाट, एवढीच माझी ओळख.

मला कुणी बांधलं नाही. आधी मेंढ्या चालल्या, त्यांच्यामागून माणसं. चढ कुठून सोपा पडतो ते मेंढीला बरोबर कळतं, म्हणून मी अशी वाकडी आहे. खालच्या वस्तीतली माणसं रविवारी माझ्यावरून पलीकडच्या चर्चला जायची. अनवाणी यायची, बूट हातात. ओकच्या जंगलातून उतरून ओढा ओलांडला की एक सपाट दगड आहे. त्यावर बसून पाय धुवायचे, बूट चढवायचे आणि घरापासून बूट घालूनच आलोय अशा चेहऱ्याने आत शिरायचं. सगळं गाव तेच करायचं आणि सगळं गाव ते एकमेकांपासून लपवायचं. मला बाई फार मजा वाटायची.

मग मोटारी आल्या. लोक दारातच बूट घालून मोटारीत बसायला लागले. माझ्यावर नेचे माजले, काटेरी वेली आडव्या आल्या, जंगलातला माझा भाग पाचोळ्याखाली गेला. तीस वर्षं मालाकीशिवाय कुणी माझ्यावर पाय ठेवला नाही. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

हा मालाकी म्हणजे वरच्या रानाचा मालक. वय पंचाहत्तर, लग्न केलं नाही, कमरेच्या सांध्याचं दुखणं, टिग नावाची म्हातारी कुत्री आणि ऐंशी मेंढ्या. मी अर्ध्याहून जास्त त्याच्याच जमिनीतून जाते. माझ्यावरून जायचा हक्क कागदावर कुणालाच नाही. मालाकी ‘जा’ म्हणतो म्हणून लोक जातात. तो ‘नको’ म्हणाला की मी संपले.

त्याच्या दारात एका जानेवारीत डिंपना आली. ही शाळेच्या कचेरीत काम करते. मूळची शहरातली, लग्न होऊन इथे आलेली. पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरने तिला चालायला सांगितलं. ही चालता चालता पळायला लागली आणि डांबरावर गुडघे दुखतात म्हणून माझा माग काढत आली.

‘‘मालाकी, तुमच्या रानातून पळत गेलं तर चालेल का?’’

‘‘मागे कोण लागलंय तुझ्या?’’

‘‘कुणी नाही हो. नुसतंच पळायचं.’’

‘‘नुसतंच.’’ मालाकीने टिगकडे बघितलं, टिगने मालाकीकडे. ‘‘पळ बापडी. आमचं काय जातंय.’’

डिंपनाने तो सगळा हिवाळा कोयता घेऊन मला मोकळं केलं. हातांना फोड आले तरी सोडलं नाही. ओढ्याच्या दलदलीत फळ्या टाकल्या, वळणावळणावर दगडांना पिवळा ठिपका लावला. वसंतात जंगलात निळी फुलं आली आणि त्यांच्यामधून पहिल्यांदा आठ जण पळत गेले. पुढच्या वर्षी तीस. दर शनिवारी यायचे, धापा टाकायचे, वर पोचले की गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि म्हणायचे, काय देखावा आहे. देखाव्याकडे पाठ असायची. पण मला ती माणसं आवडायला लागली. एवढी पावलं मी त्या बूट हातात घेऊन येणाऱ्या माणसांनंतर पाहिली नव्हती.

आता त्या फाटकाचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. जंगल संपून मालाकीचं रान सुरू होतं तिथे दगड रचून केलेल्या कुंपणाचा गडगा आहे आणि गडग्यात लोखंडी फाटक. फाटकाबद्दल मालाकी डिंपनाला काही बोलला नव्हता. इथे ते कुणी कुणाला सांगत नाही; शेतावरच्या पोराला ते चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. फाटक लावलेलं दिसलं तर लावून पुढे जायचं, उघडं दिसलं तर उघडंच सोडायचं. ते कुणीतरी विचार करूनच तसं ठेवलेलं असतं.

डिंपनाला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, शेतकऱ्याच्या रानात फाटक लावणं यापरती सभ्यता नाही. तिने छान अक्षरात पाटी रंगवली, ‘कृपया फाटक लावून घ्या’, आणि तारेने फाटकाला बांधली. दुसऱ्या दिवशी मालाकी आला, पाटी वाचली, ‘‘हं’’ म्हणाला आणि गेला. फाटक एरवी लावलेलंच असायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्या बाईला कशाला बोलायचं, असं त्याला वाटलं असणार. इथली माणसं पावसावर तासभर बोलतील, पण मनातलं बोलायचं म्हटलं की बूट न्याहाळत बसतात.

इथे एरवी बाराही महिने पाऊस; पण तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये कडक ऊन पडलं. पहिले चार दिवस सगळे खूश. पंधरा दिवस झाले तशी कुरकुर सुरू झाली, कारण वरच्या रानातला झरा आटला. मालाकीने शनिवारी सकाळी फाटक उघडलं, निळ्या दोरीने गडग्याला बांधून टाकलं, मेंढ्यांना खाली ओढ्यावर पाणी प्यायला जाता यावं म्हणून. मग तो दोन दिवसांसाठी बहिणीच्या गावी गेला. तिच्या नातवाचं बारसं होतं.

त्याच दुपारी पळणारे आले. डिंपना नेहमी सगळ्यात मागे असते, कुणी पडलंबिडलं तर बघायला. तिला फाटक उघडं दिसलं. तिने दोरी सोडली, नीट गुंडाळून खिशात ठेवली, फाटक लावलं आणि कडी बसली की नाही हे दोनदा तपासलं. मी ओरडून थांबवलं असतं तिला. पण माझं कोण ऐकतंय? मला पाठ आहे, तोंड नाही.

रविवारी मेंढ्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. गडग्याच्या बुडाशी कोकरांपुरतं भोक आहे, त्यातून कोकरं ओढ्यावर गेली, पाणी पिऊन आली. आया आतच राहिल्या. दिवसभर दोन्हीकडून ओरडा चालला होता. सोमवारी दुपारी मालाकी परतला तेव्हा तीन मेंढ्या मेलेल्या होत्या. एकीने गडग्यावरून उडी मारायला जाऊन मान मोडून घेतली होती. मालाकीने फाटकावर दोरी शोधली, ती नव्हती. मग त्याने ते उघडलं आणि बाकीच्या मेंढ्या त्याला ढकलून ओढ्याकडे धावल्या.

मंगळवारी फाटकाला साखळी आणि कुलूप लागलं; मेंढ्यांना पाण्यावर न्यायचं तेवढ्यापुरतं मालाकी ते स्वतः उघडायचा.

डिंपनाला हे दुकानात कळलं. तीस जणांपैकी कुणीही ते केलं असू शकत होतं आणि मालाकीला कधी कळलंही नसतं. ती तशीच त्याच्याकडे निघाली. तो गडग्याचे ढासळलेले दगड परत रचत होता, माझ्या शेजारीच.

‘‘मालाकी, फाटक मी लावलं.’’

तो दगड रचत राहिला. ‘‘दोरी होती त्याला.’’

तिने खिशातून दोरी काढली, अजून तशीच गुंडाळलेली. त्याने ती घेतली.

‘‘मला वाटलं, लावणंच बरोबर. पाटीवर मीच लिहिलं होतं.’’

‘‘वाचली होती मी पाटी,’’ मालाकी म्हणाला. ‘‘तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. पण आता झालं ते झालं, डिंपना. कंपनीचा माणूस येऊन गेला. हे रान मी त्यांना लाकडासाठी झाडं लावायला देतोय. कंबर चालत नाही, कुत्री थकली, मेंढ्या डोंगरावरून उतरवायला माणूस मिळत नाही. शरद सरला की सही.’’

मी हे ऐकलं आणि माझी आशा सुटली. कंपनीची झाडं कशी असतात ते मी शेजारच्या डोंगरावर बघितलंय. ओळीने सूचिपर्णी झाडं, एकाला एक खेटून, खाली काळोख, गवताची काडी नाही. तिथेही एक पायवाट होती. आता नाही.

डिंपना निघाली. पाटी तेवढी तिने काढून नेली.

सप्टेंबरअखेर सगळेच शेतकरी हिवाळ्यासाठी मेंढ्या डोंगरावरून खाली आणतात. मालाकी टिगला घेऊन एकटा वर गेला आणि संध्याकाळी चाळीसच मेंढ्या घेऊन लंगडत परतला. बाकीच्या वरच राहिल्या. टिग माझ्यावर मध्येच आडवी झाली, तिला त्याने उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फाटकापाशी बावीस माणसं उभी. लाल, हिरवे, भगवे सदरे. पुढे डिंपना.

मालाकी आला. ‘‘पळायची वाट बंद आहे.’’

‘‘पळायला नाही आलो. मेंढ्या उतरवायला आलोय.’’

‘‘यांना मेंढी आणि बकरी यातला फरक कळतो का?’’

‘‘नाही कळत. पण चढ चढता येतो.’’

मालाकीने बुटांकडे बघितलं. आधी स्वतःच्या, मग त्यांच्या. मग खिशातून किल्ली काढली.

पहिला तास नुसता गोंधळ. त्यांच्यात एक दातांचा डॉक्टर होता, तो हात फडकवत धावला आणि मेंढ्या डोंगराच्या पलीकडे गेल्या. ‘‘अहो दातवाले,’’ मालाकी खालून ओरडला, ‘‘हात खाली. मेंढी आहे ती, विमान नाही उतरवायचं.’’ मग त्याने त्यांना ओळीत पसरून उभं केलं, काठीने खुणा केल्या. ‘‘चाला. धावू नका. धावून धावून काय मिळवलंत आजवर?’’ ते हसले आणि चालले. दुपारी चाळीस नाहीत, तीन तर जूनमध्येच गेल्या होत्या, पण उरलेल्या सदतीसच्या सदतीस मेंढ्या माझ्यावरून खाली उतरल्या, मागे बावीस माणसं आणि सगळ्यांत मागे डिंपना, टिगला कडेवर घेऊन. एवढं वजन माझ्यावर कधी पडलं नव्हतं. मी सुखावले होते, अगदी मनापासून.

गडग्यावर बसून सगळ्यांनी चहा घेतला. मालाकीने डिंपनाला विचारलं, ‘‘पुढच्या वर्षी येणार का हे?’’

‘‘तुम्ही मेंढ्या ठेवल्यात तर.’’

‘‘पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. कंपनीवाल्याला यंदा नको म्हणून कळवतो.’’ त्याने साखळी गोळा केली आणि काखोटीला मारली. ‘‘आणि ती दोरी मी फाटकावरच ठेवतोय.’’

याला आता दोन वर्षं झाली. मालाकी दर शरदात यंदा नको म्हणतो, आणि तो तसं म्हणेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. त्याची कंबर आणखी बिघडलीय. टिग गेली. मी अशी एकेका वर्षाने जगते.

आज सकाळी, तुमच्या आधी, डिंपना इथून गेली. कोरडं पडलंय म्हणून मालाकीने फाटक उघडून निळ्या दोरीने बांधलं होतं. ती त्यातून पार झाली, चार पावलं पुढे गेली आणि थांबली. वळली. हात फाटकाकडे गेला. तिने तो मागे घेतला, दोरीची गाठ घट्ट आहे ना ते चाचपलं आणि पळत पुढे गेली.

दम आला असेल तर निघा. पुढे ते फाटक लागेल. जसं दिसेल तसं राहू द्या.