दोन बॉनेट राजेळी

गिरीज गावच्या बायजाला गाड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं, आणि तिच्या मुलाने, प्रितेशने, सेकंडहँड घेतलेल्या लाल स्पोर्ट्स कारचं तर मुळीच नव्हतं. गाडीला टप होता, पण तो मागे दुमडून ठेवण्यातच म्हणे तिची शोभा. सीट दोनच. उंची एवढीशी की आत बसताना आपण जेवायला पाटावर बसतोय असं वाटावं. "दोन मानसांची गाडी कोन घेतं रे? यापेक्षा स्कूटर काय वाईट होती?" असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि प्रितेशने आठवडाभर तोंड फुगवलं.

त्याच गाडीत बसून बायजा जानेवारीत कच्छच्या वाळवंटात गेली. का गेली, ते सांगायलाच हवं.

बायजा सुकेळी करायची. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात आठवडाभर वाळवायची, आणि मधासारखा रंग चढला की वाळक्या पानांत बांधून ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं, करायला महाकटकटीचं. दर दोन तासांनी एकेक केळं उलटायचं, कावळे हाकायचे, संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं झाकायचं. चाळीस वर्षं तिने हे केलं होतं. त्यांच्या आळीत पूर्वी घरोघर सुकेळी व्हायची, आता दोघीच उरल्या होत्या, बायजा आणि शेजारची जुलियाना. त्यात जुलियानाने दोन वर्षांपूर्वी विजेवर चालणारं वाळवायचं मशीन आणलं. तेव्हापासून बायजा तिच्या सुकेळ्यांना सुकेळी म्हणत नसे, कमरेचे पट्टे म्हणत असे.

यंदा ऐन जानेवारीत आभाळ भरून आलं. तीन दिवस वाळलेली दीडशे केळी मांडवावर, आणि सूर्य बेपत्ता. बायजा तासातासाला वाकून वास घ्यायची. अजून आंबूस वास सुटला नव्हता, पण आणखी दोन दिवस ऊन पडलं नाही तर सुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि तिचा नवरा हरेश्वर तर जाहीर करूनच बसला होता. गेल्या वर्षी दोन वाळवणं अशीच वाया गेली, यंदाचंही गेलं की राजेळीचं बन तोडायचं आणि ती जागा क्रिकेटच्या टर्फला द्यायची. माणूस वाईट नव्हता. गुडघे दुखायचे, दरवर्षी आभाळाकडे बघून जीव टांगणीला लावायचा त्याला कंटाळा आला होता, इतकंच. टर्फवाल्याने येऊन वाडीत चार खुंट्याही ठोकल्या होत्या. बायजा त्या खुंट्यांना लांबून वळसा घालून जात असे. ते बन तिच्या सासूने लावलेलं, आणि सुकेळ्यांची विद्याही तिचीच.

"नायतर जुलियानाच्या मशीनमदे टाक," हरेश्वर म्हणाला.

"त्यापेक्षा विहिरीत टाकीन," बायजा म्हणाली. केळी की स्वतःला, ते तिने स्पष्ट केलं नाही.

त्याच दिवशी प्रितेशच्या बायकोची, संजनाची, रजा ऑफिसने रद्द केली. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन छोट्या गाड्या कच्छला निघायच्या होत्या. एक प्रितेशची, दुसरी जुलियानाच्या मुलाची, कॅल्विनची, पिवळी. प्रितेश खट्टू होऊन संजनाला मोबाइलवर तिकडचं हवामान दाखवत होता. "बघ, काय मिस करतेयस. ढग नाय, दमट नाय. चार दिवस नुसतं कडक, कोरडं ऊन."

बायजा भांडी घासत होती. तिचा हात थांबला. "किती कोरडं?" तिने विचारलं.

पहाटे कॅल्विनने पाहिलं तर लाल गाडीत बायजाकाकी बसलेली, कानाला मफलर, मांडीवर टोपली, पायाशी टोपली, आणि मागे बॅगा ठेवायच्या जागी गुंडाळलेल्या बांबूच्या चटया आणि राजोडीच्या भाचीकडून आणलेलं मासे पकडायचं जुनं जाळं. प्रितेशचे कपडे एका पिशवीत मावले होते, कारण बाकीचे बायजाने घरीच ठेवायला लावले.

"काकी, टोपलीत काय?" कॅल्विनने विचारलं.

"खाऊ," बायजा म्हणाली, आणि तिसरी टोपली त्याची बायको ॲनिशा हिच्या मांडीवर ठेवली.

कॅल्विन या मोहिमेचा पुढारी होता. त्याने दोन वॉकीटॉकी आणले होते, एक ड्रोन आणला होता, आणि एक स्वप्नही. कच्छमध्ये एक सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पांढरं मीठ. त्या रस्त्यावरून दोन छोट्या गाड्या सुसाट चालल्यात आणि वरून ड्रोन शूटिंग करतोय, असा व्हिडिओ त्याला करायचा होता. सहा महिने तो ॲनिशाला तेच सांगत होता. ॲनिशाला आता तो व्हिडिओ न बघताच पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या रस्त्यावर पोचले. आभाळ धुतल्यासारखं निळं, वारा सुका, आणि चोहीकडे पांढरंशुभ्र. प्रितेशने गाडी थांबवली आणि तो भारावून बघत राहिला. बायजाही उतरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय जागा हाय रे," ती म्हणाली. "एवढं वाळवन घालता येईल, आनि एक झाड नाय सावली पाडायला."

मग तिने चटई उलगडली. लाल गाडीच्या बॉनेटवर चटई, चटईवर केळ्यांच्या रांगा, त्यावर जाळं, आणि जाळ्याची टोकं दोन्ही आरशांना बांधलेली. तेवढीच पिवळ्या गाडीच्या बॉनेटवर.

"काकी, हे काय?" कॅल्विन किंचाळला. "माझा पेंट!"

"हात लावून बग. गरम हाय. वरनं सूर्य, खालनं इंजिन," बायजा म्हणाली. "दोन दिवसांत होतील. आता हळू चालव. उडाली तर तुज्या आईला जाऊन सांगेन, की तुला गाडी चालवता येत नाय."

जुलियानाला असं कुणी सांगितलं असतं तर ती वर्षभर तेच बोलत बसली असती. कॅल्विन मुकाट गाडीत बसला.

मग त्या रस्त्यावर एक नवलाची वरात निघाली. ताशी दोनशेच्या गाड्या ताशी दहाने. एका ट्रॅक्टरने त्यांना मागे टाकलं. स्कूटरवरचं एक म्हातारं जोडपं मागे टाकताना वळून वळून बघत गेलं. शेवटी म्हशींचा एक कळपही बाजूने पुढे निघून गेला, तेव्हा कॅल्विनने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ड्रोन वरून इमानदारीत सगळं टिपत होता.

पुढारीपण कधी बदललं ते कुणाला कळलंच नाही. वॉकीटॉकी बायजाच्या हातात होता. "कॅल्विन, थांब. उलटायची वेळ झाली." दर दोन तासांनी चौघे उतरायचे आणि दीडशे केळी उलटायचे. इंजिनाची ऊब सोडायची नाही म्हणून रस्ता संपला की गाड्या वळवायच्या, परत तोच रस्ता. पहिल्या दिवशी ते पाच वेळा गेले आणि पाच वेळा आले. प्रितेशला आता प्रत्येक मैलाचा दगड ओळखीचा झाला होता. ॲनिशाला मात्र मजा येत होती. वास घेऊन केळं कुठपर्यंत आलं ते सांगायला ती शिकली, आणि बायजाने तिच्या पाठीवर थाप मारली.

एकदा चहाला थांबले असताना कुठूनसा एक उंट आला आणि त्याने जाळ्यातून तोंड घालून चौदा केळी खाल्ली. बायजा चप्पल घेऊन त्याच्यामागे बरीच लांब धावली. एवढं पळताना आईला प्रितेशने कधीच पाहिलं नव्हतं. परत आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "चव मात्र कळते मेल्याला."

दुसऱ्या संध्याकाळी रंग आला. अस्सा मधाचा रंग की बायजाने एक केळं उजेडाकडे धरून बघतच राहावं. मग तिने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि तिचा चेहरा उतरला.

खारट. दोन दिवस वाऱ्याबरोबर उडालेलं बारीक मीठ चिकटून आत मुरलं होतं. पुसून जाणारं नव्हतं. चाळीस वर्षांत तिच्या हातचं सुकेळं खारट झालं नव्हतं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर वॉकीटॉकी तिने प्रितेशकडे दिला, आणि सबंध गुजरात संपेपर्यंत टोपली एकदाही उघडून पाहिली नाही.

घरी ओटीवर हरेश्वर वाट बघत होता, आणि शेजारी जुलियाना, अर्थातच. बायजाने टोपली त्यांच्यापुढे ठेवली आणि खांबाला टेकून उभी राहिली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

हरेश्वरने एक सुकेळं खाल्लं. चावत राहिला. दुसरं घेतलं.

"खारट हायेत," तो म्हणाला.

"हायेत," बायजा म्हणाली.

हरेश्वर उठला, खुंटीवरचा कोयता घेतला आणि वाडीत गेला. बायजाने डोळे मिटले. राजेळीच्या बाजूने कोयत्याचा आवाज आला. एक घाव, दोन घाव. सासूची आठवण येऊन तिला रडू फुटलं, आणि जुलियानासमोर फुटलं याचं आणखी वाईट वाटलं.

"रडते कशाला?" जुलियाना भरल्या तोंडाने म्हणाली. "मशीनमधे मीठ किती टाकायचं ते सांग मला." बायजाने डोळे पुसून पाहिलं, तर बाईने सात सुकेळी संपवली होती आणि आठवं हातात होतं.

इतक्यात हरेश्वर परत आला. एका खांद्यावर राजेळीचा तयार झालेला भलामोठा घड, आणि दुसऱ्या हातात टर्फवाल्याच्या चारही खुंट्या.

"हा पिकायला आठ दिवस लागतील," तो घड उतरवत प्रितेशला म्हणाला. "पुढच्या शनिवारी गाडी मोकळी हाय ना? या वेळेला बाजूला मी बसनार."

बायजाने पदराने नाक पुसलं. "बसा," ती म्हणाली. "पन दर दोन तासांनी उतरून उलटायला लागतात. गुडघ्यांचं निमित्त चालायचं नाय."