सालईच्या मेखा

म्हाळसा पाबळच्या बाजाराला गेलेली बघूनच जयसिंगने तिच्या रानातलं सालईचं झाड पाडलं.

परतताना ओढ्याच्या चढावरून तिला नेहमी आधी झाड दिसायचं, मग घर. त्या दिवशी नुसतंच घर दिसलं. बांधावर जयसिंग कटर मशीन पुसत उभा होता. शेजारच्या रानात त्याचा झेंडू होता.

"सावली पडत व्हती, मामी. किती डाव सांगितलं तुमाला."

"तुझ्या बापानं ह्याच सावलीत भाकर खाल्ली रं, मुडद्या!"

"बाप गेला. झेंडू जित्ता हाय."

पडलेल्या खोडाची कागदासारखी साल वाऱ्यावर फडफडत होती. याच सालीच्या पातळ पापुद्र्यांनी म्हाळसा चूल पेटवायची. खोडातून पाझरलेला डिंक वाळवून त्याच पापुद्र्यात गुंडाळून ठेवायची. तो निखाऱ्यावर टाकला की बिरोबाला धूप व्हायचा आणि मेंढरांच्या अंगावरच्या माश्याही पळायच्या. आता मेंढरं उरली नव्हती. देव मात्र होता.

हे झाड कुणी लावलं नव्हतं. तिचा सासरा कळप घेऊन घाटावरून खाली आला, तेव्हा रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीला ठोकायला सालईच्या मेखा तोडून आणल्या होत्या. इथं मुक्काम लांबला आणि एका मेखेला कोंब आले. म्हातारा म्हणाला, फुटलेली मेख उपटायची न्हाई. देवानंच पाय रोवलाय, आपणबी रोवू. आणि घराणं इथंच राहिलं. पुढं रान घेतलं ते त्या झाडापासून मोजून.

जयसिंग नुसतं झाड पाडून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. त्याने फांद्यांचे खुंट केले, टोकं काढली आणि तारेच्या कुंपणासाठी ते बांधाच्या कडेनं रोवले. कडेनं कसले, चांगले दोन हात म्हाळसाच्या रानात. फुकटचं लाकूड आणि फुकटचं रान.

म्हाळसाचा मुलगा बिरदेव एमआयडीसीतल्या कंपनीत होता. रात्रपाळी करून सकाळी आला तो घरात न जाता सरळ बांधावर गेला आणि पहार उचलली.

"एकूण एक उपटून त्याच्या झेंडूत फेकतो."

म्हाळसा खुंटांजवळ उकिडवी बसली होती. तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. कापल्या तोंडाशी डिंकाचा थेंब जमला होता. जयसिंगच्या ठिबकची नळी तिथूनच गेली होती आणि खुंटांच्या बुडाशी माती ओली होती.

"राहू दे," ती म्हणाली.

"काय राहू दे? रान चाललंय आपलं!"

"जाऊ दे दोन हात. उपटायचं न्हाई."

बिरदेवने पहार आपटली. "मेंढरं राखायची अक्कल तुझी, आये. रान राखायची न्हाई."

तिने खरवडलेल्या जागेवर ओली माती लिंपली. खुंट जगणार हे त्याला सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर सगळ्या गावाला कळलं असतं आणि जयसिंगने तार ओढायच्या आधीच खुंट बदलले असते. बिरदेवने तिच्याशी बोलणं टाकलं. घरात ताटं आदळत राहिली.

जयसिंगला तर चेव चढला. त्याने खुंटांना तार ओढली. येता-जाता हाक मारायचा, "काय मामी, कुंपण कसं वाटतं? लाकूड तुमचंच हाय, बरं का!"

"झ्याक हाय," ती म्हणायची, आणि त्याची पाठ वळली की थुंकायची.

वैशाख सरता सरता खुंटांच्या शेंड्यांना लालसर कोंब आले. दोन-चार खुंट त्याने उलटे ठोकले होते, तेवढे वाळले. बाकी सगळे फुटले. जयसिंगच्या शेळ्यांनी कोंब हुंगले आणि तोंड फिरवलं. सालईचा पाला शेळी सहसा खात नाही.

मग एका सकाळी जयसिंगच्या डोक्यात उजेड पडला. एका झाडाच्या सावलीसाठी त्याने मशीन आणली होती. आता त्याच्या झेंडूच्या कडेला झाडांची रांगच उभी राहणार होती. पहार घेऊन तो धावत आला. म्हाळसा समोरच बसलेली.

"उपट की," ती म्हणाली. "खुंट निघालं की तार पडंल. तार पडली की आमचा बिरदेव हितंच हाय, मूळचा बांध दाखवायला."

"मग झाडं मरतील तुमची."

"एक मारलंसच की."

"फुटलं की छाटीन! दर साली छाटीन!"

"छाट. छाटशील तितकं धुमारं येतील. हात गळून पडतील तुझं."

जयसिंगने दात ओठ खाऊन पहिला खुंट हलवला आणि उपसला. बुडाला पांढरी मुळं लोंबत होती. सासऱ्याच्या शब्दानंतर या रानात फुटलेली मेख कुणी उपटली नव्हती. पण म्हाळसा जागची हलली नाही. दुसऱ्या खुंटाला हात घालून जयसिंग थांबला. सैल पडलेल्या तारेकडे बघितलं, मग आत घेतलेल्या दोन हात रानाकडे. त्याने हात काढून घेतला.

बिरदेव म्हाळसाच्या मागे येऊन उभा होता. बऱ्याच दिवसांनी तो तिच्याशी बोलला.

"म्हंजी रान गेलंच."

"गेलं. त्याचंबी जाईल, सावलीखाली."

उपसलेला खुंट तिने उचलला आणि जुन्या बुंध्याशेजारी खड्डा करून पुन्हा रोवला. मग घरातून खापरात निखारे आणले, पापुद्र्यातला डिंक काढला आणि चिमूटभर टाकला. वारा बांधावरून पलीकडे वाहत होता. धूर सरळ झेंडूत गेला.

जयसिंग खोकला. तिने आणखी एक चिमूट टाकली.