दोन बोटं

“अहो सिस्टर, चाबूक नाही हो तो! मागे थांबा की जरा!”

सिस्टरनी काठी गवतावर टाकली. “तू ओरडलीस की माझा हात जास्तच पळतो बघ. मास्तर कधी ओरडायचे नाहीत. आज नाही जमलं तर मी काही परत यायची नाही.”

झालं! या निवृत्त नर्सबाई म्हणजे वर्गातल्या शेवटच्या विद्यार्थिनी. बाबा जाऊन तीन महिने झाले आणि माझ्या तोंडापायी बाकीचे सगळे गळाले. “वर्ग चालू ठेव,” एवढंच बाबा जाताना म्हणाले होते.

आमच्या मासेमारीत गळाला पिसांचा खोटा किडा असतो. त्याला वजन कसलं? म्हणून फेकायचा तो दोर. दोर मागे जाऊन पुरता सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच काठी पुढे. हे थांबणंच कुणाला जमत नाही. बाबा मागे उभे राहून शिकणाऱ्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवायचे. त्यातलं एक थोटं, होडीच्या साखळीत शेंडा गेलेलं. बोटं उचलली की पुढे. तोंडातून चकार शब्द नाही. मी आपली बडबडत सुटते.

“डोळे मिटा आणि करा तुमच्या मनाने,” मी म्हणाले आणि तणतणत समोर वीस पावलांवर जाऊन बसले.

दोर मागे गेला. थांबला. इतका थांबला की माझाच श्वास अडकला. मग डोक्यावरून अलगद आला आणि सरावासाठी बांधलेला लाल लोकरीचा गोंडा माझ्या पायाशी टेकला.

“जमलं गं!” सिस्टरनी डोळे उघडले नव्हते. “अशी बोटं ठेवायचीस ना आधीच. पण किती गार तुझे हात! आणि या बोटाचा शेंडा कुठे गेला?”

त्यांनी डोळे उघडले, मला समोर पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे पाहिलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

मी धावत जाऊन काठी घेतली. डोळे मिटून दहा वेळा दोर फेकला. मुद्दाम घाई केली, मुद्दाम चुकले. मनगटावर काहीच टेकलं नाही. मला रडू फुटलं.

“तुला शिकवून झालंय त्यांचं,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “आण ती काठी इकडे.”

मी काठी दिली. त्यांच्या मागे, मधे एका माणसापुरती जागा सोडून, गप्प उभी राहिले.