वरून भरलेला डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. डब्याला कसला राग, असं म्हणू नका. वर्षानुवर्षं कुणी तुमच्या डोक्यावर भर घालत राहिलं, तुमचं कौतुक करत राहिलं आणि तुमच्या तळाशी काय चाललं आहे हे एकदाही विचारलं नाही, तर तुम्हालाही आला असता.

माझा पत्रा एका कारागिराने कापला. सायकल दुरुस्तीचं दुकान आणि न्हाव्याचं दुकान यांच्या मधल्या बोळकांडीत तो बसायचा. त्याने मला गोल वाकवलं, कथलाची धार सोडून जोड पक्के केले, आत पाणी भरून कुठे गळतो का ते पाहिलं. मग मला सूर्याकडे तोंड करून धरलं आणि तळाला सुईएवढं तरी भोक आहे का, ते एक डोळा मिटून तपासलं. माझा तळ कुणीतरी नीट पाहिल्याचं ते शेवटचं.

मला विकत घेतलं आक्काने. आक्का म्हणजे या घरातल्या दादाची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले. तिने लग्न केलं नाही, धाकट्या भावाला वाढवलं. त्या दिवसांत डबे रिकामे असायचे. चमचा तळाला खरवडला की जो आवाज होतो तो ऐकला, की दादा, तेव्हाचा लहानगा, रडायला लागायचा. म्हणून आक्काने नियम केला. या घरात डब्याचा तळ म्हणून दिसायचा नाही.

नियम वाईट नव्हता हो. तो पाळण्याची रीत वाईट होती.

मी हरभऱ्यांचा डबा. माझ्या शेजारी तांदूळ, पलीकडे मसूर, तूर, राजमा, पीठ. आम्ही सगळे शेगडीलगतच्या कपाटात, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावं तसे उंचीने लागलेले. हरभरे माझ्या गळ्याच्या जरा खाली गेले, की आक्का नवे आणून वरून ओतायची. लागले की वरचेच काढायची. वरचे दाणे पाहुण्यासारखे आले आणि गेले. खालचे पेन्शन घेऊन बसले. त्यांना कुणी उठवलं नाही.

आता जरा शास्त्र ऐका. हरभऱ्याचा दाणा मेलेला नसतो, झोपलेला असतो. त्याला कोरडी, गार जागा हवी. आमचं कपाट शेगडीला चिकटून. रोज भांड्यावरचं झाकण निघायचं, वाफ उठायची आणि माझ्या सैल झाकणातून आत यायची. अशा गरम, दमट हवेत दाणा फार काळ पडला, की त्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ हळूहळू घट्ट होत जातो. मग दाणा पाण्यात फुगतो, पण शिजत नाही. पिठाचं तसंच. धान्यात थोडं तेल असतं, ते हवा लागून खवट होतं. आणि किडीचं तर काय सांगावं! तळाशी एक जोडपं राहिलं, की वरून येणारी प्रत्येक नवी भर त्यांच्या नातवंडांना आयतं घर.

हे सगळं आमच्या पोटात चाललं होतं आणि बाहेर काय? "कपाट असावं तर आक्कांसारखं!" जो येई तो म्हणे. आक्का पदराने आमची झाकणं पुसे. झाकणं आरशासारखी. नाव मोठं, लक्षण खोटं.

दादाची बायको या घरात आली तेव्हा तिला पहिल्याच महिन्यात वास आला. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते, मीही तेच म्हणतो.

"आक्का, एकदा सगळे डबे रिकामे करून धुऊ या का?"

"का गं? मळलेत का ते?"

"मळले नाहीत. पिठाला जरा वास येतोय."

"वास येतो तुझ्या नाकाला. भरला डबा उलटा करायचा नसतो. तुझ्या माहेरी करत असतील."

माहेर काढलं की बोलणं संपतं. वहिनीने दर वर्षी विचारलं, दर वर्षी माहेर निघालं. दादा ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "असू दे ना गं, ती पूर्वीपासून बघतेय." म्हणजे कुणीच बघत नव्हतं!

दादा रंगाच्या कारखान्यात कामाला, गल्लीतले बहुतेकजण तिथेच. तिथे एक खोली आहे, रंगाची रिकामी पिंपं धुण्याची. पिंपं पाण्याने धुतली जात नाहीत, उग्र द्रावाने धुतात. त्या द्रावाची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत साचते आणि वाकून काम करणाऱ्याच्या नाकात शिरते. त्या खोलीला खिडकी नाही. एक माणूस तिथे इतकी वर्षं होता, की त्याला सगळे पिंपवालाच म्हणत. तो गल्लीच्या तोंडाशी आला की आम्हाला खोकल्यावरून कळायचं. कामगारांनी वाफ बाहेर ओढणारा एक पंखा मागितला. साहेब म्हणाले, पाहू. पुन्हा मागितला. साहेब म्हणाले, पाहू म्हटलं ना. तेव्हा सगळे काम थांबवून बाहेर पडले.

पहिली सभा आमच्याच दारात झाली. मी कपाटातून ऐकत होतो.

"पंखा हवाच," एकजण म्हणाला, "पण चूल काय पंख्यावर पेटते? खायचं काय?"

कुजबुज वाढली. दादा उठला. घसा साफ केला आणि छाती काढून म्हणाला, "आक्काचं कपाट बघितलंय ना सगळ्यांनी? भरलेलं आहे. ज्याच्या घरी खुंटेल त्याने माझ्या दारी यावं. पंखा बसेपर्यंत माझ्या घरातून कुणी रिकाम्या हाताने जाणार नाही."

टाळ्या पडल्या. आक्काने डोळे पुसले. वहिनीने मात्र माझ्याकडे पाहिलं. दादाने माझ्या जिवावर शब्द दिला होता आणि त्या शब्दावर सगळी गल्ली घरी बसली होती. आत जे होतं ते खाण्यालायक नसेल, तर एकेक माणूस मान खाली घालून कारखान्याच्या फाटकातून आत जाणार होता आणि पिंपवाला पुन्हा त्याच खोलीत वाकणार होता.

काही आठवडे वरच्या थरावर निघाले. मग पहिली पिंपवाल्याची बायको पातेलं घेऊन आली. आक्काने मला खाली घेतलं, पातेलं शिगोशीग भरून दिलं. "ने गं, संकोच करू नकोस. अजून खूप आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तेच पातेलं घेऊन परत आली. हरभरे आतच होते.

"वहिनी, भांडायला नाही आले मी. रात्रभर भिजवले. सकाळपासून शेगडीवर आहेत. सोडा घातला, चिमूटभर नाही, चमचाभर. आमचा धाकटा म्हणतो, आई, मी यांच्या गोट्या खेळू का?"

वहिनीने एक दाणा दाताखाली धरला. कट्.

"आक्का," ती म्हणाली, "आता मी विचारत नाहीये."

तिने अंगणात जुनी चादर पसरली आणि मला उचलून उलटं केलं. मित्रांनो, काय सांगू! माझ्यातून वरचे पिवळे दाणे पडले, मग तपकिरी, मग काळपट, आणि शेवटी बुरशीने एकमेकांना धरून बसलेलं एक ढेकूळ धपकन पडलं. त्याच्यामागोमाग बारीक पूड आणि किडे. पिठाच्या डब्यातून जाळी निघाली. राजमा माझ्याहून वाईट. खिडकीच्या उन्हात ठेवलेल्या तेलाला जुन्या रंगासारखा वास. मसाल्याच्या डबीत रंग होता, वास नव्हता. सवलतीत मिळाली म्हणून आणलेली एक परदेशी चटणीची बाटली निघाली. ती कशाबरोबर खातात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. धड निघालं मीठ, साखर, थोडा तांदूळ आणि मसूर. मसूर रोज लागत होती म्हणून वाचली.

"झाकून टाक," आक्का म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "बाई, कुणीतरी बघेल."

दादा दारातून आत आला. त्याने चादर पाहिली, पिंपवाल्याच्या बायकोला पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. त्याने काय केलं असेल? मला लाथ मारली! मी गडगडत भिंतीवर आपटलो. हा पोचा बघा, अजून आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"सडके डबे! सगळे सडके!"

"डब्याला का मारता?" वहिनी ताडकन उठली. "त्याला जे दिलं ते त्याने ठेवलं. मी इतकी वर्षं विचारतेय, तेव्हा तुम्ही काय म्हणत होता? असू दे. आता असू द्या!"

"अगं, मी सभेत शब्द दिलाय. उद्या लोक येतील. काय सांगू त्यांना?"

"हेच सांगा. आजच सांगा. उद्या गोट्या वाटल्या तर परवा सगळे फाटकाशी उभे राहतील, आणि सगळ्यांच्या पुढे तुम्ही असाल."

दादा गेला. संध्याकाळच्या सभेत उभा राहिला, पण या वेळी छाती काढून नाही. "माझं कपाट अर्धं कुजलेलं निघालं," तो म्हणाला. "मी न बघता बोललो."

मागून कुणीतरी हसलं. "वा रे दाता!"

"हस," दादा म्हणाला. "पण घरी जा आणि तुझ्या डब्यात कोपरापर्यंत हात घाल. मग ये हसायला."

त्या संध्याकाळी गल्लीतल्या घराघरातून डबे उलटे झाल्याचे आवाज आले. जवळजवळ सगळीकडे तीच कथा. कुठे खालचे तांदूळ हिरवे, कुठे एकावर एक आणलेली तीन पाकिटं आणि तिन्ही अर्धी उघडी. सगळे आपापली झाकणं पुसत होते!

मग जे धड होतं ते एकत्र करायचं ठरलं, घरोघरचे उरलेसुरले पैसेही. वहिनीने आणि पिंपवाल्याच्या बायकोने नवं सामान कोणतं आणायचं ते ठरवलं. ती खरेदी पाहून मला पहिल्यांदा बरं वाटलं. मोजक्याच वस्तू, पण एकमेकींशी जमणाऱ्या. तांदूळ, पीठ, मसूर, मूग, तेल, मीठ, हळद, तिखट, कांदे. मसूर आणि मूग का? लवकर शिजतात, इंधन कमी लागतं. तेल लहान बाटलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात. कांदे टोपलीत, वारा लागेल असे. मसाला मूठभरच, संपला की ताजा. आमचं कपाट शेगडीपासून ओढून पलीकडच्या गार भिंतीला लावलं. आणि नवा नियम झाला. डबा पूर्ण संपल्याशिवाय भरायचा नाही. संपला की धुवायचा, उन्हात कोरडा ठणठणीत करायचा, मगच नवं. तोवर नवं सामान कापडी पिशवीत आत टांगलेलं. एकाच चुलीवर साऱ्या गल्लीचं शिजायला लागलं.

त्यामुळे रोज कुणाचे ना कुणाचे डबे दाराबाहेर उलटे वाळत पडलेले असायचे. एकदा आम्ही सगळेच होतो, भिंतीला ओळीने, तळ आभाळाकडे. तेवढ्यात कारखान्याचा मुकादम गल्लीतून चालत आला. साहेबाने त्याला पाहायला पाठवलं होतं, की आता किती तग धरतील. तो एकेका दारापाशी थांबला, डबे मोजल्यासारखे पाहत आला आणि आमच्यापाशी आल्यावर त्याच्या मिशीत हसू फुटलं.

"काय आक्का? दिसला का शेवटी तळ?"

मी आक्काकडे पाहिलं. ती लाजेने आत पळेल असं मला वाटलं होतं. तिने मला उचललं, त्याच्या नाकासमोर धरलं.

"दिसला बाबा. लख्ख आहे. तुमच्या साहेबांना सांग."

मुकादमाने जाऊन सांगितलं, डबे रिकामे झाले. साहेबाने फाटक उघडायला लावलं, भोंगा वाजवला आणि स्वतः घड्याळ बघत उभा राहिला. आता येतील, म्हणाला, पोट घेऊन येतील. एकही आला नाही. गल्लीत तेव्हा मुगाची फोडणी बसत होती. साहेब उन्हात उभा राहून राहून आत गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पंखा आला. मिस्त्रीने भिंतीला भोक पाडलं, पंखा बसवला, तार जोडली, बटण दाबून पाहिलं. दुपारच्या चहाआधी काम उरकलं. एका दुपारचं काम! त्यासाठी एवढी माणसं वर्षानुवर्षं वाफ ओढत होती. दादाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आक्का नुसती म्हणाली, "मेल्यांनो."

पंखा आता फिरतो. पिंपवाला त्याच्याखाली उभा राहून अजून खोकतो. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत, लवकर व्हायला हवं होतं.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. गोष्ट ऐकून "बिचारा डबा" म्हणू नका. उठा. स्वयंपाकघरात जा. जो डबा सगळ्यात भरलेला दिसतो, ज्याचं झाकण सगळ्यात चकचकीत आहे, तो खाली घ्या आणि उलटा करा. आई ओरडेल. ओरडू द्या. तिलाही बसवा चादरीपाशी, निवडायला.