पाण्याआधी वीस मिनिटं

गेल्या वर्षापर्यंत दादा मला गोगलगाय म्हणायचा, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. बाईंनी प्रश्न विचारला की मी बाकाखाली पडलेलं पेन शोधायला लागायचे, पडलेलं नसलं तरी. या वर्षी मात्र वर्गाच्या वादविवादात मला उभं केलं. एकदा तोंड उघडलं, आणि ते अजून थांबलेलं नाही. आई म्हणते, हिच्या नळाचा वॉशर गेलाय. गेले तीन आठवडे तर मी शाळेतसुद्धा घंटेच्या आधी पोचतेय, एकदाही धापा न टाकता. हाही आत्मविश्वासच, असं मी खुशाल धरून चालले होते.

त्याच भरात मी सहल आखायचं काम मागून घेतलं. दोन दिवस, एक रात्र, समुद्राच्या कडेकडेचा रस्ता, आपली जुनी व्हॅन आणि तंबू. आई, बाबा, दादा आणि मी. सगळ्यांना वाटलं, पोरीला हौस आली. हौस होतीच. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा आणि दादा एकोणीस दिवस एकमेकांशी बोलले नव्हते.

बाबा लिफ्ट तपासनीस आहेत. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये आत जे प्रमाणपत्र चिकटवलेलं असतं, त्यावर खाली त्यांची सही असते. त्यांनी शब्द टाकून दादासाठी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत उमेदवारीची जागा मिळवली होती. दादानं परस्पर नकार कळवला आणि एका मोठ्या जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. "माझा शब्द लिफ्टच्या खड्ड्यात टाकलास," बाबा म्हणाले. "मग तुम्ही शब्द टाकायच्या आधी मला विचारायचं," दादा म्हणाला. संपलं. तेव्हापासून एक जण टेबलाशी बसला की दुसरा ताट उचलून उठायचा. येत्या बुधवारी दादा जाणार होता, आठ महिन्यांसाठी.

म्हणून मी ती जागा शोधून काढली होती. किनाऱ्यापासून थोडी आत, समुद्रात घुसलेली एक हिरवी टेकडी. तिथं जायला वाळूतून एकच रस्ता, गाडीनं दहा मिनिटांचा. भरती आली की तो रस्ता पाण्याखाली जातो आणि सहा तास वर येत नाही. सहा तास! ताट घेऊन उठला तरी कुठं जाणार?

आमच्या घरात मात्र कुठलीही आखणी तपासणीशिवाय पास होत नाही. आईनं पडद्याचं कापड निवडलं तरी बाबा लाल पेन्सिल घेऊन बसतात. साध्या गोष्टींना तीन फुल्या माफ, पण जिवाशी संबंध असलेल्या बाबीवर एक जरी फुली पडली, तरी सगळा बेत रद्द. वेळा नेहमी पेन्सिलीनं लिहायच्या, सही पेननं व्हायची. आणि सही झाल्यावर कागदाला हात लावायचा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी चहाचे कप बाजूला सारून बाबांनी माझा कागद समोर ओढला. आई ओट्याशी ब्रेडला लोणी लावत होती. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आत नाही आणि बाहेरही नाही.

"जादा चाक?"

"हवा भरून आणली. पावती मागे टाचली आहे."

"तंबूचे खुंटे?"

"चौदा. दोन वाकडे होते, ते ठोकून सरळ केले."

"कोणी?"

मी दादाकडे बघितलं. "घरातल्याच एकानं."

बाबांची पेन्सिल क्षणभर थांबली आणि पुढे सरकली. "वाळूचा रस्ता. पाणी कधी येतं?"

माझा आवाज चांगला ठणठणीत निघाला. "शनिवारी सहा दहाला. आपण पाच चाळीसला रस्त्याला लागणार, पाच पन्नासला पलीकडे. वीस मिनिटं हातात."

"कुणी सांगितलं?"

"टेकडीवर तंबूंचा तळ चालवणाऱ्या काकूंनी. काल शाळेतून आल्यावर मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, भरतीचे छापील तक्ते बंदराचे असतात, आमच्या वाळूला ते लागू नाहीत. मग त्यांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाल्या, हं, आत्ता बघ, आत्ता पाण्यानं रस्ता गिळला. तेव्हा साडेचार वाजले होते. रोज पन्नास मिनिटं उशिरा धर म्हणाल्या. दोन दिवसांची शंभर मिनिटं."

बाबांनी मनातल्या मनात बेरीज केली. ओठ हलले. मग लाल पेन्सिल कानावर खोचली आणि खिशातून पेन काढलं.

सही! एकही फुली नाही! मी खुर्चीवरून उडीच मारली. आईनं लोण्याच्या सुरीनं सलाम ठोकला. दादा फक्त म्हणाला, "गोगलगाय पास झाली," आणि गॅलरीत निघून गेला, कारण बाबा अजून बसलेले होते.

बाबा व्हॅनचं तेल बघायला खाली गेले. मी पिशव्या भरायला घेतल्या. आई बेकरीत कामाला आहे, शनिवारी तिची पहाटपाळी असते.

"उद्या मी साडेनऊला येईन आणि थोडी आडवी होईन," ती म्हणाली. "त्या घड्याळात अकरा वाजले की हाक मार मला. म्हणजे खरे दहा चाळीस. वीस मिनिटं पुढे आहे ते, विसरू नकोस."

मी भिंतीकडे बघितलं. आमचं स्वयंपाकघरातलं घड्याळ आईनं कितीतरी वर्षांपूर्वी मुद्दाम पुढे केलेलं आहे, कुणाला उशीर होऊ नये म्हणून. सकाळी घर त्याच्यावरच पळतं. आणि आमचा तारेचा फोन बरोबर त्याच्याच खाली आहे.

काल मी त्या फोनवर बोलताना वर बघितलं होतं. साडेचार. तेच लिहिलं. वीस वजा केलेच नाहीत.

हातातला टॉर्च पिशवीऐवजी पाण्याच्या बादलीत गेला.

"काय गं?" आई म्हणाली.

"काही नाही. वॉटरप्रूफ आहे का बघत होते."

मी कागद घेऊन आमच्या खोलीत गेले आणि दार लावलं. सहा दहा नाही, पाच पन्नास. म्हणजे आम्ही पलीकडे पोचू त्याच मिनिटाला पाणी येणार. हातात शून्य मिनिटं. बाबांना सांगितलं तर लाल फुली. तीही जिवाच्या बाबीवर. सहल रद्द, आणि दादा बुधवारी तसाच जाणार, तोंड फिरवून. आणि मी? मी परत बाकाखाली पेन शोधायला.

नाही सांगितलं तर? वेळा पेन्सिलीत होत्या. दीपगृहापाशी एक तासाचा थांबा होता, तो पाऊण केला की पाच चाळीसचं पाच पंचवीस होतं. पस्तीसला पलीकडे, पन्नासला पाणी. पंधरा मिनिटं हातात. कुणाला कळणार होतं?

मी खोडरबर काढला. सही केलेल्या कागदावर. घाईघाईनं 'चाळीस' पुसताना कागदाचं सालटंच निघालं. वर 'पंचवीस' लिहिलं, फुंकर मारली, आणि एक मिनिटभर स्वतःला फार हुशार समजले.

मग तो सोलवटलेला ठिपका माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या खाली तीन बोटांवर बाबांची सही होती. लिफ्टमध्ये असते तीच, शेवटी खाली ओढलेली रेघ. लोक ती सही बघून आत पाय ठेवतात. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही आत शिरल्यावर हळूच उडी का मारता? ते म्हणाले होते, दुसऱ्यानं मारायच्या आधी मी मारून बघतो.

जिना चढताना बाबांच्या चपला वाजल्या. मी कागद घेऊन बाहेर आले. दादा पाणी प्यायला आत आला होता आणि आता ग्लास ठेवून सटकायच्या बेतात होता.

"थांब," मी म्हणाले. "सगळ्यांनी थांबा. बाबा, बसा."

"काय झालं?"

"मी सही झालेल्या कागदावर खाडाखोड केली."

आईची सुरी थांबली. बाबांनी कागद घेतला आणि दिव्याखाली तिरका धरला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

मी एका दमात सांगून टाकलं. घड्याळ, फोन, वीस मिनिटं, दीपगृह, पंधरा मिनिटं. "चुकलं ते चुकलंच. पण ते लपवलं, ते जास्त चुकलं. द्या फुली."

बाबांनी कानावरची लाल पेन्सिल हातात घेतली. कागदावर टेकवली. "घड्याळ वीस मिनिटं पुढे," ते स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे पाणी पाच पन्नास. पंचवीसला रस्त्याला लागलो तर..."

"चाळीस."

आम्ही तिघांनी वळून बघितलं. दादा बोलला होता, तेही सरळ बाबांच्या डोळ्यांत बघून.

"काय चाळीस?" बाबांनी विचारलं. त्यालाच.

"घड्याळ. वीस नाही, चाळीस पुढे आहे." दादानं हातातला ग्लास ठेवला. "मी अजून वीस मिनिटं केलं होतं. आपलं वाजलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे तुम्ही सकाळी लवकर निघाल आणि आपली गाठ पडणार नाही."

वर घड्याळ टकटक करत होतं, निर्लज्जासारखं.

"तरीच," बाबा शेवटी म्हणाले. "ऑफिसचा वॉचमन रोज गेट उघडताना विचारतो, साहेब, घरी काही भांडण झालंय का?"

आईच्या नाकातून काहीतरी आवाज आला. तिनं घाईघाईनं पाव तोंडासमोर धरला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घंटेच्या आधी शाळेत! तीन आठवडे! तो आत्मविश्वास नव्हता, दादाचा काटा होता.

पण बाबा हसत नव्हते. ते भिंतीपाशी गेले, फोन उचलला आणि कागदावरचा नंबर फिरवला. काकूंचा खणखणीत आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"घड्याळ मी कशाला बघते? तुमच्या पोरीचा फोन ठेवला, चहा टाकला, तो उकळला आणि रेडिओवर चारच्या बातम्या लागल्या. आता तुम्हीच हिशोब करा."

म्हणजे चारला दहा कमी. शनिवारी साडेपाच. मी 'पाच पंचवीस' या माझ्या सुबक अक्षराकडे बघितलं. पंचवीसला वाळूवर उतरलो असतो आणि साडेपाचला बरोबर अर्ध्या रस्त्यात असतो. आम्ही चौघं, तंबू, आणि दोन्हीकडून पाणी. आईनं माझ्या मागून खुर्ची सरकवली.

बाबांनी फोन ठेवला. मग त्यांनी लाल पेन्सिलीनं एक मोठी फुली मारली. सबंध कागदावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

मला रडू आलं. आलं तर आलं.

"हा कागद बाद," बाबा म्हणाले. "नवीन घे. वेळ कुठल्या घड्याळात बघितली, हे मी विचारायला हवं होतं. मीही नाही विचारलं." ते टेबलाशी बसले. दादा नेहमीसारखा दाराकडे वळला होता. बाबांनी पायानं समोरची खुर्ची थोडी बाहेर ढकलली.

दादानं खुर्चीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग तो येऊन बसला, अगदी कडेला, बसच्या सीटवर परका माणूस बसतो तसा.

"पाचला रस्त्याला लागायचं," बाबा कागदाला म्हणाले. "दीपगृह रद्द."

"दीपगृह रद्द नाही करायचं," दादाही कागदालाच म्हणाला. "लवकर निघू."

"तुझी आई दमून येते."

"मी गाडीत झोपेन," आई ओट्यावरून म्हणाली. "तुम्ही दोघं भांडत असलात की मला छान झोप लागते, सवय आहे. हे एकोणीस दिवसच लागली नाही."

बाबांनी पेन्सिलीनं टेबलावर दोनदा टकटक केलं. मी नवा कागद पुढे ओढला आणि नाक पुसून बाह्या सरसावल्या.

"लिही," ते म्हणाले. "सव्वादहाला निघायचं."

"कुठल्या सव्वादहाला?" दादानं विचारलं.

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं.

"याच्या. आणि बुधवारी हे घेऊन जा. तिकडे भिंतीवरच्यावर विसंबू नकोस."