झुलेखाभाबींचा फ्लॅश

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कॅमेरा नाही. कोणी मला कॅमेऱ्याची बॅटरी म्हणतं, आणि एका लग्नात एका आजीबाईंनी मला टॉर्च म्हटलं होतं. मी फ्लॅश आहे, जुन्या पद्धतीचा, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसणारा. अंधारात क्षणभर उजेड पाडायचा, एवढंच माझं काम. ते मी वर्षानुवर्षं नीट केलं. तरीही माझ्या वाट्याला जो वैताग आला, तो आज तुमच्यासमोर मोकळा करतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या अंगावर कुठल्याही बड्या कंपनीचं नाव नव्हतं, त्यामुळे किंमत बेताची होती. खोक्यात बसून, समुद्र ओलांडून मी कुवेतला आलो. आखातातली लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती आणि दुकानं पुन्हा भरत होती. शहरातल्या मिरकाब भागात उस्मानभाईंचं छोटं दुकान होतं. ते मूळचे रायगडकडचे, म्हणून कोकणातली सगळी माणसं त्यांच्याकडे यायची. काचेच्या कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर मला जागा मिळाली. तिथून मी गिऱ्हाइकं पाहिली आणि वैतागायला शिकलो.

मित्रांनो, माणसं कॅमेऱ्यासाठी जे घेतात, त्यातलं निम्मं कॅमेऱ्याला नकोच असतं. उस्मानभाई जीव तोडून सांगायचे की आधी उजेडाचं बघा, मग बाकीचं. पण लोकांना हवी असायची ढीगभर खिशांची बॅग. त्या खिशांत पुढे काय ठेवायचे, तर बडीशेप. कुणाला दिव्यांच्या चांदण्या दाखवणारी काच हवी, कुणाला झगझगीत पट्टा. स्वस्त वस्तू शोधण्यात काहीच गैर नाही, मी स्वतः स्वस्तातलाच आहे. पण स्वस्त म्हणून चार निरुपयोगी वस्तू घ्यायच्या आणि ज्याच्यावाचून अडतं ती महाग म्हणून टाळायची, हे गणित मला आजवर कळलेलं नाही.

या गणितात रफीकभाई पटाईत होते. ते मुरूडकडचे, बंदरावर माल सोडवणाऱ्या एका कचेरीत कारकून. मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काम करणारा नाशिकचा एक इंजिनियर कायमचा घरी निघाला, तेव्हा रफीकभाईंनी त्याचा कॅमेरा स्वस्तात घेतला. मग ते सामान जमवू लागले. त्यांनी बॅग घेतली. चांदण्यांची काच घेतली. एक तिपाईसुद्धा घेतली, तिचे पाय बगळ्याच्या पायांसारखे बारीक. कॅमेरा वर ठेवला की ती अदबीने वाकायची. पट्ट्याची शिवण तर घरी नेईपर्यंतच उसवली.

एके दिवशी रफीकभाईंबरोबर त्यांच्या बायको आल्या, झुलेखाभाबी. कॅमेरा खरं तर त्याच वापरत होत्या. कुवेतच्या लग्नांत बायकांचा हॉल वेगळा असतो. तिथे ओढण्या उतरतात, केस मोकळे होतात, गाणी होतात, आणि परक्या पुरुषाला आत पाऊल टाकता येत नाही. म्हणजे फोटोग्राफर बाईच हवी. अशा बाया तेव्हा फार कमी होत्या. भाबींनी मामेबहिणीच्या लग्नात हौसेने फोटो काढले होते, पण सगळे काळोखे निघाले. नवरी नाकाने ओळखावी लागत होती.

रफीकभाई म्हणत होते, आता एक भारी लेन्स घेऊन टाकू. भाबींनी ऐकलं नाही. त्यांनी उस्मानभाईंना खालच्या फळीवरचा मी काढायला लावला. माझ्यात बॅटऱ्या घालून मला पेटवायला लावलं. एकदा पेटल्यावर पुन्हा तयार व्हायला मी किती वेळ लावतो, ते पाहिलं. माझी मान वर छताकडे वळते का, तेही पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "हाच द्या. बाकी काही नको."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ही एकच समजूतदार खरेदी.

माझा उजेड थेट चेहऱ्यावर पडला की चेहरा पिठासारखा दिसतो. त्यासाठी डोक्यावर चढवायची एक पांढरी टोपी मिळते. ती रफीकभाईंना लगेच घ्यायची होती. भाबींनी घरी लबनेचा डबा रिकामा झाल्यावर (लबने म्हणजे तिकडचा घट्ट चक्का) त्याचं पांढरं झाकण कापलं, वाकवलं आणि रबराने माझ्या डोक्यावर बसवलं. पहिले काही दिवस मला दह्याचा वास येत होता आणि मी फार चिडलो होतो. पण उजेड असा मऊ पडू लागला, की नवरीमुलींच्या आया अल्बम पाहून भाबींना दुसऱ्या लग्नाचं आमंत्रण त्याच बैठकीत देऊ लागल्या.

मग आमचे चांगले दिवस आले. सालमिया, फहाहील, फरवानिया, कुठे कुठे म्हणून गेलो नाही! भाबींची एक शिस्त होती. कुणाचाही फोटो काढण्याआधी त्या नजरेने विचारायच्या. समोरचीने मान हलवली तरच मी पेटायचो. फिल्म धुवायला त्या जाब्रियातल्या एका लॅबमध्ये द्यायच्या, कारण तिथे हे काम एक बाई करायची. फोटो नीट लिफाफ्यात बंद करून त्या स्वतः घरोघर पोचवायच्या. भाबींच्या कॅमेऱ्यासमोर ओढणी सरकली तरी चालते, ती गोष्ट बाहेर जात नाही, असं बायका म्हणायच्या. आमचं सगळं दुकान या एका वाक्यावर चालत होतं.

आणि मग ते फोन आले.

नुसते बोलायचे फोन होते तोवर माझी तक्रार नव्हती. पण त्यांना कॅमेऱ्याचा डोळा मिळाला आणि माणसांची रीतच बदलली. पूर्वी फोटोग्राफर समोर आली की बायका केस सारखे करायच्या, पोरांची नाकं पुसायच्या. आता जो तो हात वर करून फोटो काढू लागला. नवरीकडे कोणी बघेना, सगळे त्या इवल्याशा पडद्यात बघू लागले. फोटो काय यायचा? करपलेल्या भाकरीसारखा. तरी कौतुक त्याचंच! मी इतका उजेड पाडायचो आणि तो हे फोन फुकटात वापरायचे. कुणी कधी आभार मानले नाहीत.

दोन हजार पाच सालातली गोष्ट. मिरकाबमध्ये राहणाऱ्या रुकय्या नावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा साकिब. मेंदीच्या दिवशी आम्ही हॉलमध्ये होतो. रुकय्या मुळात लाजाळू, पण त्या संध्याकाळी मैत्रिणींनी तिला मध्ये ओढलं आणि ती नाचली. ओढणी खांद्यावरून घसरली, केस सुटले, आणि ती अशी हसली की भाबींनी भराभर फोटो काढले. काढण्याआधी रुकय्याने मान हलवली होती, मी साक्षीला आहे.

निकाहला थोडेच दिवस उरले असताना तिच्या आईने भाबींना तातडीने बोलावलं. भाबी नुकत्याच लॅबमधून निघाल्या होत्या. मेंदीचे फोटो लिफाफ्यात होते आणि मी कॅमेऱ्यासह पिशवीत. तसंच आम्ही गेलो.

खोलीत रुकय्याची आई रडवेल्या चेहऱ्याने बसली होती. समोर साकिबची आई फखरुन्निसा, पाठ ताठ. त्यांनी आपला फोन पुढे केला. पडद्यावर नाचणारी रुकय्या होती, सुटे केस आणि ओढणीशिवाय. हा फोटो एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये उड्या मारत साकिबच्या चुलत्यांपर्यंत पोचला होता. पुरुषांनी पाहिला होता. चुलते म्हणत होते, हे कसलं घर, सोयरीक मोडा.

"हॉलमध्ये कॅमेरा तुमच्याच हातात होता," फखरुन्निसा म्हणाल्या.

पिशवीत मी संतापाने तापलो. इतक्या वर्षांच्या कामाचं हे फळ!

भाबींनी आवाज चढवला नाही. त्यांनी फोन हातात घेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला. मग पिशवीतून कॅमेरा काढला, मला त्याच्या डोक्यावर बसवलं आणि फोन माझ्या शेजारी धरला.

"आपा, फोटोच्या कडेला हा पांढरा डाग दिसतो? हा माझा फ्लॅश आहे, डोक्यावर झाकण असलेला. त्याच्यामागे उभी आहे ती मी. मी स्वतः या फोटोत आहे. मग फोटो काढला कोणी?"

तिघींनी डोकी एकत्र करून पाहिलं. खरंच, तो डाग म्हणजे मीच होतो. माझ्या आयुष्यातला एकमेव फोटो, आणि तोही असा चोरून काढलेला.

फखरुन्निसांनी फोन मागे घेतला. पण रुकय्याच्या आईला एकदम सुचलं. तुम्ही त्याच वेळी समोरून फोटो काढत होतात, ती म्हणाली, मग तुमच्या फोटोत ती फोनवाली आली असेल. दाखवा, आत्ता दाखवा. आणि सगळ्यांच्या नजरा लिफाफ्याकडे वळल्या.

भाबींनी लिफाफा उघडला, फोटो चाळले. एका फोटोवर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी लिफाफा मिटला.

मला कळेना. समोर पुरावा होता! तो टेबलावर आपटायचा आणि ताठ मानेने घरी जायचं, एवढंच करायचं होतं. पण भाबी उठल्या आणि म्हणाल्या, "फखरुन्निसाआपा, जरा स्वयंपाकघरात येता?"

पिशवी त्यांच्या खांद्यावर होती आणि कॅमेरा हातात, म्हणून पुढचं मला कळलं. ओट्यापाशी भाबींनी तो एक फोटो फखरुन्निसांच्या हातात दिला. नाचणाऱ्या रुकय्यामागे एक मुलगी दोन्ही हातांनी फोन उंच धरून उभी होती. ती हिबा होती, साकिबची धाकटी बहीण, फखरुन्निसांचीच मुलगी.

फखरुन्निसांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"पोर आहे," भाबी म्हणाल्या. "भावाला वहिनी दाखवायची हौस असेल. पुढे तो फोटो कुठे जाईल हे तिच्या ध्यानीमनीही नसेल. आता बाहेर हिचं नाव निघालं, तर ती या वहिनीसमोर जन्मभर मान वर करू शकणार नाही. मी काही बोलणार नाही. तुम्ही चुलत्यांचं बघा."

त्यांनी त्या फोटोची निगेटिव्हसुद्धा कापून हातात दिली. फखरुन्निसांनी दोन्ही वस्तू पर्समध्ये ठेवल्या, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर येऊन सांगितलं की फोटो या बाईने काढलेला नाही, कुणी काढला ते महत्त्वाचं नाही, आणि निकाह ठरल्या दिवशीच होईल. चुलत्यांशी मी बोलते, असंही त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, त्यांनी माफी मागितली असेल. नाही मागितली. सरबत आलं, ते सगळ्यांनी प्यायलं, आणि विषय संपला. निघताना दारापाशी रुकय्या आली. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने हळूच विचारलं, "खाला, मी त्या फोटोत वाईट दिसते का?"

"नाही बाळा," भाबी म्हणाल्या. "हसतेस."

लग्न झालं. पण त्यानंतर आमचं काम कमी होत गेलं. खरं काय ते दोनच बायकांना माहीत होतं आणि दोघीही बोलत नव्हत्या. लोकांना एवढंच आठवायचं, की या फोटोवालीवरून काहीतरी झालं होतं. रफीकभाई रोज म्हणायचे, एकदा सांगून टाक ना कोण होतं ते. पण भाबींनी त्यांनाही सांगितलं नाही. मी तर नुसता धुमसत राहिलो.

पुढे भाबींनी डिजिटल कॅमेरा घेतला. मला त्याच्यावर बसवणार, तोच उस्मानभाईंनी अडवलं. मी पेटताना विजेचा जो झटका देतो, तो या नव्या नाजूक कॅमेऱ्यांना सोसत नाही म्हणे. ऐकलंत? आयुष्यभर मला स्वस्तातला, कमजोर म्हणून हिणवलं, आणि शेवटी मी जास्त जोरकस निघालो म्हणून मला पिशवीत टाकलं. तिथे ती बगळ्याच्या पायांची तिपाई आणि चांदण्यांची काच आधीपासून आरामात पडून होती. आमचं कधीच पटलं नाही.

काही वर्षांनी एका दुपारी बेल वाजली. दारात हिबा होती, मोठी झालेली, नोकरी करणारी. तिचं लग्न ठरलं होतं. तिने इंग्रजी मिसळत, अडखळत सांगितलं की आंटी, माझ्या फंक्शनला फोटो तुम्हीच काढायचे, आणि तो जुनाच कॅमेरा आणायचा. फोन कुणाचाच आत येणार नाही, ती दारात सगळ्यांचे ठेवून घेणार होती. भाबींनी मला बाहेर काढलं. नव्या बॅटऱ्या घातल्या. मला जरा जास्त वेळ लागला, पण मी पेटलो.

मेंदीच्या संध्याकाळी सगळं आटोपल्यावर हिबा भाबींजवळ येऊन बसली.  मग म्हणाली, "तुम्ही माझं नाव बाहेर काढलं नाहीत, हे अम्मीने मला तेव्हाच सांगितलं होतं. मला तुम्हाला सॉरी म्हणायला इतकी वर्षं लागली."

भाबींनी तिच्या गालावरून हात फिरवला. हातावरची मेंदी जप, पुसेल, एवढंच त्या म्हणाल्या.

मेंदी वाळेपर्यंत हिबा तशीच बसून राहिली. मग उठून तिने भाबींच्या गळ्यातला कॅमेरा मागून घेतला. कॅमेरा डोळ्याला लावला, आणि पुन्हा खाली केला.

"आंटी, तुमचा एक फोटो काढू का?"

शेकडो अल्बम भरले, पण भाबींचा एकही फोटो त्यांत नव्हता. त्या एकदम लाजल्या. नको म्हणतील असं मला वाटलं.

"थांब," त्या म्हणाल्या, "ओढणी नीट करू दे."

हिबा थांबली. भाबींनी ओढणी सारखी केली, चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि मग मान हलवली. मित्रांनो, मी त्या दिवशी मनापासून पेटलो.

आता मी म्हातारा झालो आहे आणि फारसं काही मागत नाही. माझ्यासारख्या वस्तू घेताना आपली गरज ओळखून घ्या, आणि वापर संपला की आमच्या पोटातल्या बॅटऱ्या आठवणीने काढून ठेवा, नाहीतर त्या आम्हाला आतून खातात. तुमच्या खिशातल्या त्या फोनबद्दल मी बोलणार नाही, माझा पारा चढतो. फक्त तो कुणासमोर उचलाल, तेव्हा आधी एकदा विचारा. समोरचं माणूस ओढणी नीट करत असेल, तर तेवढं थांबा.