शून्याच्या एक घर पुढे

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅमीटर आहे. तारेतून किती वीज वाहते, ते मी सुईने दाखवतो. माझा जन्म अंबाल्याचा आणि नोकरी चंडीगडच्या एका शाळेत. बढाई मारत नाही, पण प्रयोगशाळेच्या कपाटात माझ्याइतका पक्का मीटर दुसरा नव्हता. फक्त एकदा टेबलावरून पडलो, तेव्हापासून माझी सुई शून्यावर न थांबता एक घर पुढे थांबते.

१९८७ साली दहावीतल्या शालिनीने विज्ञान प्रदर्शनासाठी मला जवळच्या मनीमाजऱ्याला घरी नेले. तिचे बाबा कृष्णकांत केंद्र सरकारच्या नोकरीत, साताऱ्याहून बदलून आलेले. शालिनीने सारख्या लांबीच्या दोन तारा घेतल्या, एक दुसरीच्या दुप्पट जाड. बारीक तारेला मी तीन घरे दाखवली, जाड तारेला नऊ. म्हणजे वीज तिप्पट. पण पुस्तक म्हणे, जाडी दुप्पट झाली की विजेची वाट चौपट मोठी होते आणि रोध चौथाई उरतो, म्हणजे वीज चौपट हवी. तीनदा मोजूनही तिप्पटच! पोरगी रडकुंडीला आली. मला तोंड असते तर मी सांगितले नसते का? शेवटी तिने तक्त्यावर "तिप्पट" लिहिले.

प्रदर्शनाच्या सकाळी नाक्यावर पोलिसांनी बापलेकीला अडवले. दहशतवादाच्या त्या वर्षांत बॉम्बच्या भीतीने रस्त्यात पडलेल्या रेडिओलाही कोणी हात लावत नसे आणि इथे तर पिशवीत सेल, तारा आणि मी! पिशवी जप्त झाली असती, तर प्रदर्शन हुकले असते.

"साबजी, बच्ची का स्कूल का प्रयोग है," कृष्णकांत घाम पुसत म्हणाले.

हवालदाराने मला निरखले आणि शालिनीला विचारले, "ओ कुडिए, सेल तो लगा नहीं. फिर सुई आगे क्यों खड़ी है?"

शालिनी वाकली, बघतच राहिली आणि ओरडली, "अंकल, ये तो पहले से एक आगे है! तीन नहीं, दो! नौ नहीं, आठ! चौपट!"

"जोड़ के दिखा."

जीपच्या बॉनेटवर तिने तारा जोडल्या. तीन. मग नऊ. हवालदाराने बोटांवर एकेक वजा केला आणि मिशीत हसला. "चौपट, जी. पक्का." तक्त्यावरची चूक शालिनीने त्याच्याच पेनाने सुधारली आणि पिशवी घेऊन बापलेक प्रदर्शनाला गेले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

आता मी कपाटात धूळ खातो. सुई अजून तिथेच आहे. मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा. पण कोणालाही खोटा ठरवण्याआधी त्याची सुई मुळात कुठे उभी आहे, एवढे बघा. हवालदाराने ते पाहिले, म्हणून मी खरा ठरलो.